एम्बॉसिंग पावडरने मेणचित्राचा भास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परभणीत माझ्या घराच्या ओसरीत दर रविवारी सकाळी मिश्र माध्यमाचा छोटा वर्ग भरतो. कोणी जिंतूरहून येतं, कोणी सेलूहून, एक ताई तर नांदेडहून रेल्वेने येतात. एम्बॉसिंग पावडर वितळवून मेणचित्रासारखा परिणाम साधायचा धडा आला की प्रश्नांची रांग लागते, आणि बहुतेक प्रश्न तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली.

मेणचित्र म्हणजे नेमकं काय?

मधमाशीच्या मेणात राळ मिसळतात, ते वितळवून त्यात रंग घालतात आणि गरम असतानाच लाकडी फळीवर लावतात. प्रत्येक थर दिला की पुन्हा उष्णता देऊन खालच्या थरात मुरवतात. याला एन्कॉस्टिक म्हणतात. शब्द मूळ ग्रीक, अर्थ ‘भाजून आत बसवलेलं’. इजिप्तमधल्या फायुम भागात ममींवर बसवलेली माणसांची चित्रं सापडली, ती इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातली. त्यातली बरीचशी याच पद्धतीची आहेत, आणि त्यांचे डोळे आजही ओलसर वाटतात. अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्स यांनी 1954-55 मध्ये केलेलं ‘फ्लॅग’ हे चित्रही मेणातलंच. त्यात मेणाखाली वर्तमानपत्राचे कपटे दिसतात.

मेणचित्राची जादू रंगात कमी आणि खोलीत जास्त असते. प्रकाश वरच्या दुधी थरातून आत शिरतो, खालच्या कागदाला लागतो आणि परत येतो. आपल्याला पावडरने नेमकं हेच साधायचं आहे. चकाकी नव्हे, खोली. पुढचं सगळं वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

मग खरं मेणच का नाही वापरायचं?

वापरा की. सोय असेल, सराव असेल तर जरूर वापरा. मी दोन वर्षं वापरलं. मग एका मे महिन्यात मी एक पूर्ण झालेलं चित्र पत्र्याच्या खोलीत कपाटावर ठेवून आठ दिवस गावाला गेले. परत आले तेव्हा वरचा थर हाताला चिकटत होता. सगळ्या घराची धूळ त्यात रुतली होती आणि एका कोपऱ्यातला कागद बोटभर खाली सरकला होता. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंश सेल्सियसला वितळतं, पण मऊ ते त्याच्या कितीतरी आधी पडायला लागतं. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 42-43 वर जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त तापतं. त्या खोलीत मेणाचा काय निभाव लागणार?

शिवाय मेण वितळवायला तापमान राखणारं भांडं हवं, राळ हवी, हवेशीर खोली हवी. पावडर थंड झाली की कडक होते आणि आपल्या उन्हाळ्यात घरातल्या भिंतीवर नीट टिकते. सुरुवात करणाऱ्याला हा रस्ता सोपा आहे.

एम्बॉसिंग पावडर म्हणजे काय? ती चिकटते कशी?

उष्णतेने वितळणाऱ्या राळेचे बारीक दाणे. लग्नपत्रिकेवर बोट फिरवल्यावर हाताला लागणारी चकचकीत, उठावाची अक्षरं पुष्कळदा अशाच तंत्राने होतात: ओल्या शाईवर पूड भुरभुरायची आणि तापवायचं.

वर्गात समजावताना मी आजीच्या करंड्याची आठवण सांगते. आजी आधी कपाळावर मेणाचं बोट टेकवायची, मग त्यावर चिमटीतलं कुंकू. मेण असेल तिथेच कुंकू धरायचं, बाकीचं पदराने पुसलं की कपाळावर गोल टिळा उरायचा. इथे मेणाच्या जागी चिकट, उशिरा वाळणारी एम्बॉसिंग शाई आणि कुंकवाच्या जागी पावडर. फरक इतकाच की वरून आच दिली की ही पूड वितळून काचेसारखी एकजीव होते.

कोणती पावडर घ्यावी?

पारदर्शक, म्हणजे क्लिअर. आणि शक्य असेल तर जाड दाण्याची, जी ‘अल्ट्रा थिक’ नावाने मिळते. बारीक पावडरचे सहा थर द्यावेत तेव्हा जेवढी जाडी येते, तेवढी जाड दाण्याच्या तीन थरांत येते. आपल्या भागात स्टेशनरीच्या दुकानात सोनेरी, चंदेरी सहज दिसते, जाड क्लिअर मात्र बहुधा ऑनलाइनच मागवावी लागते. सोबत पांढऱ्या आणि सोनेरी पावडरची एकेक लहान डबी घ्या. त्यांचं काम पुढे सांगते. सहा इंच चौरस चित्राला जाड पावडर दर थराला चहाचे दोन-तीन चमचे लागते.

बाकी सामान काय लागतं?

पाया टणक हवा. चार ते सहा मिलिमीटरचं एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) उत्तम, प्लायचा तुकडाही चालतो. वहीचा पुठ्ठा आचेने वाकतो. कॅनव्हास ताणलेला असला तरी दबतो आणि वरचा थर तडकतो, म्हणून तो नकोच. पांढरा जेसो (रंगाआधी फळीला द्यायचा अस्तराचा लेप), ऍक्रिलिक रंग, कोलाजचे कागद, एम्बॉसिंग शाईचं क्लिअर पॅड, हीट टूल (गरम हवा सोडणारं हातातलं यंत्र), कागद धरायला लांब चिमटा, सांडलेली पावडर गोळा करायला खाली घडी घातलेला मोठा कागद. आणि एक दाभण. होय, पोती शिवायची तीच. तिच्यासारखी रेघ महागड्या हत्यारानेही येत नाही.

हेअर ड्रायर चालेल का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. ड्रायरची हवा जोरात आणि आच कमी, त्यामुळे पावडर वितळण्याआधीच उडून जाते. एम्बॉसिंगच्या हीट टूलमधून हवा हळू येते आणि आच जास्त असते. हार्डवेअरच्या दुकानात रंग खरवडायला मिळणारी मोठी हीट गन घरात असेल तर ती सगळ्यात खालच्या पायरीवर, हातभर लांबून आणि सतत फिरती ठेवून वापरता येते. पण नवख्या हातात मी ती देत नाही, क्षणात कागद करपतो.

लहान तुकड्यासाठी जुनी पद्धतही आहे: उलटी धरलेली इस्त्री किंवा जुना इलेक्ट्रिक तवा, आणि त्यावर चिमट्यात धरलेला कागद. आच खालून येते, पावडर उडत नाही. तो तवा मात्र परत स्वयंपाकात घेऊ नका. गॅसच्या उघड्या ज्योतीवर हा प्रयोग करू नका.

भारनियमनात काय, असं एका मुलाने विचारलं होतं. एम्बॉसिंगची लहान हीट टूल साधारण 300 वॅटची असतात, घरच्या इन्व्हर्टरवर चालतात. हार्डवेअरची गन 1500 ते 2000 वॅटची असते, ती इन्व्हर्टरला लावू नका.

पहिल्यापासून शेवटपर्यंत कसं करायचं?

फळीला जेसोचे दोन हात द्या आणि पूर्ण वाळू द्या. त्यावर पातळ कागद चिकटवा: टिश्यू, जुन्या पंचांगाचं पान, पतंगाचा कागद. गोंद पातळ लावा, सुरकुत्या राहिल्या तर राहू द्या, त्या पुढे शोभतात. वरून ऍक्रिलिकचे हलके हात फिरवा. माझा कल मातीच्या रंगांकडे असतो: गेरू, हळदीचा पिवळा, करपलेल्या ज्वारीच्या ताटाचा करडा. मग थांबा. रात्रभर थांबा. ओल्या रंगावर कधीही पावडर टाकायची नाही.

दुसऱ्या दिवशी एम्बॉसिंग पॅड थेट चित्रावर थापटत फिरवा. कोपरे सोडू नका. क्लिअर पावडर भुरभुरा, फळी तिरकी करून जास्तीची खालच्या कागदावर झटका आणि डबीत परत भरा. पंखा बंद, कूलर बंद. मे महिन्यात हीच खरी परीक्षा, म्हणून मी उन्हाळ्यात हे काम सकाळी आठच्या आत उरकते.

हीट टूल आधी अर्धा मिनिट हवेत तापू द्या, मग दोन-तीन इंचांवरून एका कोपऱ्यापासून सुरुवात करा. पहिल्यांदा काहीच होत नाही. मग दाणे ओले झाल्यासारखे दिसतात, साखरेचा पाक धरायला लागतो तसे. मग संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा येतो. आणि मग अचानक पृष्ठभाग सपाट होऊन आरशासारखा चमकतो. हे चार टप्पे डोळ्यांनी ओळखायला शिकलात की अर्धं काम झालं.

पहिला थर गरम असतानाच दुसरी मूठ भुरभुरा. आता शाई लागत नाही, वितळलेला थरच दाणे धरतो. पुन्हा तापवा. या दुसऱ्या थरात मी चमचाभर क्लिअरमध्ये चिमूटभर पांढरी पावडर मिसळते. दुधीपणा येतो तो यातून. चिमूटभर म्हणजे चिमूटभरच, जास्त झाली तर खालचं सगळं चुन्याने पोतारल्यासारखं झाकलं जातं. मधासारखी झाक हवी असेल तर पांढऱ्याच्या जागी सोनेरीचे थोडे दाणे.

दुसरा आणि तिसरा थर यांच्यामध्ये काहीतरी पुरा: सुती दोरा, कागदाचा कपटा, जाळीदार झालेलं पिंपळाचं पान. चिमट्याने ठेवा, वर पावडर, पुन्हा आच. एक कागद तळाशी, एक मध्यावर, एक पृष्ठभागाजवळ असला की डोळा आपोआप आत-बाहेर फिरतो.

शेवटच्या थरावर ठसा उमटवायचा असेल तर छपाईचा लाकडी ठसा आधी एम्बॉसिंग पॅडवर टेकवा, म्हणजे तो चिकटणार नाही. थर वितळलेला असतानाच दाबा आणि हात न हलवता थंड होईपर्यंत थांबा. पूर्ण थंड झाल्यावरच उचला. रांगोळीचे प्लॅस्टिकचे छाप यासाठी नकोत, ते वितळतात.

दाभणीच्या रेघा थर कोमट असताना ओढा. फार गरम असेल तर रेघ बुजते, फार थंड असेल तर कड तुटते. चित्र थंड झाल्यावर रेघांत तपकिरी तैलरंग बोटाने चोळा आणि जुन्या धोतराच्या चिंधीने वरचा पुसून घ्या. रेघेत राहिलेला रंग चित्राला एकदम जुनं वय देतो.

माझं चित्र मेणासारखं नाही, लॅमिनेशन केल्यासारखं दिसतं. असं का?

कारण तुम्ही सगळीकडे चौथ्या टप्प्यापर्यंत तापवलंत. मेण कधीच इतकं सपाट आणि इतकं चकचकीत नसतं. काही जागी तिसऱ्या टप्प्यावर, संत्र्याच्या सालीवर, हात थांबवा. काही जागा पूर्ण वितळवा. दोन्ही शेजारी-शेजारी आले की ब्रशने मेण ओढल्याचा भास होतो.

चित्र थंड झाल्यावर 0000 नंबरच्या बारीक स्टील वूलने (लोकरीसारख्या मऊ पोलादी तारांच्या गुंत्याने) हलकेच, एकाच दिशेने घासा. चमक मरते आणि मऊ झळाळी येते. भुकटी पुसून घ्या, मग मधमाशीच्या मेणाचा अगदी पातळ हात चोळून सुती कापडाने पुसा. इतक्या पातळ थराला उन्हाळ्याचा त्रास होत नाही, आणि वासही खऱ्या मेणाचा येतो. हा वास मला फार प्रिय आहे.

आणि दुधीपणा विसरू नका. नुसत्या क्लिअरचे पाच थर दिले तर काच होते, मेण होत नाही.

आत कोणते कागद चांगले दिसतात?

ज्यांच्याशी तुमचं नातं आहे ते. बाजारातले छापील नक्षीचे कागद सुबक दिसतात, पण दुधी थराखाली गेल्यावर ते कुणाचेच राहत नाहीत. किराण्याची यादी, आडतीवरची कापसाच्या हिशोबाची पट्टी, आईच्या हाताची पत्रं, लग्नपत्रिकेचा कोपरा. एका विद्यार्थिनीने वडिलांच्या दुकानातल्या लाल बासनाच्या वहीची झेरॉक्स वापरली. आकडे अर्धे दिसायचे, अर्धे थरात बुडालेले. ते चित्र मी अजून विसरले नाही.

एक धोका सांगते. एसटीची जुनी, कंडक्टरने पंच केलेली तिकिटं उत्तम चालतात. पण मशीनमधून निघणारं तिकीट थर्मल कागदाचं असतं. त्याला आच लागली की ते पाहता पाहता काळं ठिक्कर पडतं. दुकानाच्या आणि एटीएमच्या पावत्यांचंही तसंच. काळा डाग हवा असेल तर गोष्ट वेगळी, मुद्दाम वापरून बघा, धुरासारखी सुंदर कड येते.

घरात मोडीतले आणि निजामाच्या काळातले उर्दू कागद आहेत. ते वापरू का?

मूळ कागद अजिबात नाही. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी घरांत जमिनीचे, वारसाचे असे कागद ट्रंकेत पडून आहेत. त्यांना आज किती मोल आलं आहे ते कुणाला सांगायला नको. वितळलेली राळ कागदात एकदा शिरली की परत निघत नाही.

झेरॉक्स काढा, तीही शक्य तितक्या पातळ कागदावर. नकलेच्या कडा कात्रीने कापू नका, ओल्या ब्रशने रेघ ओढून हाताने फाडा आणि वाळू द्या. फाटलेली कड थरात विरघळते, कापलेली कड उपरी दिसते. झेरॉक्सची शाईही आचेने मऊ होते, तेव्हा गरम असताना बोट लावू नका, अक्षर फिसकटतं. जुन्या फोटोंनाही हाच नियम.

बुडबुडे येतात. काय चुकतं?

ओल. ऍक्रिलिक किंवा पांढरा गोंद वरून कोरडा वाटतो, आत ओला असतो. आच लागली की वाफ होऊन फुगा येतो. पावसाळ्यात कागद हवेतलं पाणी पितो, म्हणून त्या दिवसांत पावडर टाकण्याआधी नुसत्या फळीला एक-दोन मिनिटं आच द्या. पानं आठवडाभर जाड पुस्तकात दाबून कुरकुरीत झाल्याशिवाय घेऊ नका. आलेला फुगा गरम असतानाच दाभणीने फोडता येतो.

दुसरं कारण, एकाच जागी फार वेळ आच. रंगच फुगतो आणि त्याचा पापुद्रा उठतो. हात फिरता ठेवा.

नको तिथे पावडरचे दाणे चिकटतात.

हिवाळ्यात कोरड्या हवेत हे जास्त होतं. शाई लावायच्या आधी मऊ ब्रशने टाल्कम पावडरचा पुसट हात फिरवा. उरलेले दाणे तापवण्याआधी कोरड्या ब्रशने काढा, नंतर निघत नाहीत.

थर तडकला तर?

पाया वाकत असेल तर पाया बदला. थर फार जाड झाला असेल, चार-पाचाच्या वर, तर पडल्यावर किंवा धक्क्याने टवका उडतो. खऱ्या मेणावर पावडरचा थर दिला तरी तो टिकत नाही, कारण खालचं मऊ आणि वरचं कडक.

पण तडा सुंदरही असतो. भेगाळलेलं रान दाखवायचं असेल तर जाड कार्डशीटवर चित्र करा, फ्रीझरमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवा, बाहेर काढून हलकेच वाकवा आणि भेगांत गडद रंग चोळा. मग ते कार्ड फळीवर चिकटवा. दुष्काळी वर्षातलं तळं मी असंच केलं होतं.

हिमरूचे, पैठणीचे धागे घालता येतील का?

सुती आणि रेशमी चालतात. आजकालच्या बऱ्याच साड्यांतली जर प्लॅस्टिकची असते, ती आचेने आकसून गोळा होते. आधी एक धागा वेगळा काढून त्यावर हीट टूल धरून बघा.

अजिंठ्याची चित्रंही मेणाचीच आहेत ना?

नाहीत. अजिंठ्याला माती आणि तूस यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि कोरड्या भिंतीवर चिकट द्रव्यात कालवलेले खनिज रंग आहेत. मेणाचा संबंध नाही.

पण आपल्या कामाला लागू पडणारी एक गोष्ट तिथे घडली आहे. 1920 ते 1922 मध्ये हैदराबाद संस्थानाने चित्रांच्या जतनासाठी इटलीहून तज्ज्ञ आणले होते. त्यांनी रंग पक्के राहावेत म्हणून लाखेचं वॉर्निश दिलं. पुढे ते वॉर्निश पिवळं पडलं, त्यात काजळी-धूळ बसली, आणि नंतरच्या पिढ्यांना ते काढण्याचं किचकट काम करावं लागलं. हेतू चांगला होता. पण पारदर्शक थरालाही वय असतं.

आपली पावडरही राळच आहे. चित्र थेट उन्हात टांगू नका. काचेच्या फ्रेममध्ये घालायचं असेल तर काच आणि चित्र यांच्यात अंतर ठेवा, नाहीतर उन्हाळ्यात काच चिकटते. पुसायला कोरडं मऊ कापड पुरे. थिनर, स्पिरिट जवळ आणू नका.

शाळेतल्या मुलांकडून करून घेता येईल?

आठवीच्या पुढची मुलं मोठ्यांच्या देखरेखीखाली स्वतः तापवू शकतात. त्याहून लहान मुलांनी कोलाज आणि रंग करावा, आच शिक्षकांनी द्यावी. खिडक्या उघड्या ठेवा. पावडर भुरभुरताना नाकावर मास्क किंवा रुमाल हवा, केस बांधलेले हवेत, ओढणी खोचलेली. हीट टूलचं तोंड बंद केल्यावरही बराच वेळ चटका देतं, ते ठेवायला फरशीचा तुकडा घ्या.

वितळलेली पावडर बोटाला लागली तर ती ओढून काढू नका, खालची कातडीही निघते. लगेच वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं हात धरा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. फोड मोठा असेल तर सरळ दवाखाना गाठा.

प्रदर्शनात लावताना याला एन्कॉस्टिक म्हणायचं का?

म्हणू नका. ‘मिश्र माध्यम: कागद, ऍक्रिलिक, एम्बॉसिंग पावडर’ असं स्वच्छ लिहा. घेणाऱ्याला आपण काय घेतोय हे कळायला हवं. आणि हे माध्यम कमी दर्जाचं नाही, त्याला दुसऱ्याच्या नावाची गरज नाही.

मनासारखं झालं नाही तर पुसता येतं?

पुसता येत नाही, पण पुन्हा वितळवता येतं, आणि माझ्या मते हाच या माध्यमाचा सगळ्यात मोठा गुण आहे. चुकीची रेघ, वाकडा ठसा, नको असलेली चमक, सगळं पुन्हा आच दिली की पातळ होतं. नको असलेला कपटा गरम असताना चिमट्याने हळूच उचला, राहिलेल्या खड्ड्यात चिमूटभर पावडर टाका आणि भरून घ्या. फार दुधी झालं असेल तर ती जागा तापवून सुती चिंधीने टिपून घ्या, वरचा थर चिंधीला लागून येतो. चिंधी जाड घडीची घ्या, पातळ असेल तर आच बोटापर्यंत पोचते.